थरथर कापे पान

"आणि मग, बाय? मग पुढे काय झालं?"

हा आवाज फर्डिनंडचा. जाडसर, ओलसर, केळीच्या बागेत दुपारी पाट सोडल्यावर माती बोलते तसा. हेमांगीने तो खऱ्या कानांनी शेवटचा ऐकला त्याला तेरा वर्षं झाली. तेव्हा ती पंचेचाळीसची होती, आता साठीला दोन कमी. तिच्या केसांत पांढरं उतरलं, आवाज मात्र होता तसाच राहिला. बोलता बोलता ती जरा अडली, एखादा शब्द शोधायला किंवा घोट गिळायला थांबली, की तेवढ्याशा फटीतून तो आत शिरायचा. आणि मग, बाय?

म्हणून ती थांबायचीच नाही. भाजीवालीशी बोलायची, फोनवर नणंदेशी बोलायची, घरात कोणी नसलं तर चुलीवरच्या कढीशी बोलायची. "अगं, त्या कढीला उतू जायला तरी सवड दे," असं तिचा नवरा रमेश म्हणायचा, आणि वसईजवळच्या सांडोर गावची आळी हसायची. तीही हसायची. ती का बोलते ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती. हेमांगी बोलते, पण गात नाही. एके काळी तिच्या ओव्यांवाचून आळीत मांडव सजत नसे, आणि तेरा वर्षांत ती एकाही हळदीला गायली नव्हती. आवाज बसला, असं सांगायची. आवाज बसलेली बाई दिवसभर इतकी कशी बोलते, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

लहानपणापासून तिचं सारं आयुष्य त्या ओव्यांत गेलेलं. मांडवात एका बाजूला वराकडच्या बायका, दुसऱ्या बाजूला वधूकडच्या. इकडून एक ओळ यायची, व्याह्याच्या टकलावर नाही तर विहिणीच्या नाकावर, आणि तिकडून श्वास सरायच्या आत जोड यायला हवी. आधी बांधून आणलेली ओवी चालत नसे, समोर दिसेल त्यावरच रचायची. विहिणीचा पदर घसरला, घाल ओवीत. म्हाताऱ्याला ठसका लागला, घाल ओवीत. हेमांगीच्या आईने तिला एकच गोष्ट शिकवली होती: "पहिली ओळ तोंडातून सुटली की दुसरी वाटेला लागलेली असते, बाय. तिला दार उघडं ठेव. मध्ये विचार करत बसलीस तर ती दुसरीच्या घरी जाते."

हेमांगीने ते दार कधी लावलं नाही.

म्हणूनच हरिश्चंद्र मास्तर तिला शोधत आले होते. भाजीच्या सोसायटीच्या गोदामावर एक खोली होती, तिच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले. तिथून 'किनारवाणी' नावाचा चिमुकला रेडिओ चालायचा. वारा बरा असला तर वसईच्या खाडीपासून विरारच्या डोंगरापर्यंत ऐकू जायचा, वारा रुसला तर शेजारच्या गास गावापर्यंतही नाही. मास्तरांनी त्यावर एक खेळ काढला, 'हो तर!' दर शनिवारी चार माणसं चार माइकांपुढे बसायची, आणि ते रेकॉर्डिंग पुढच्या शनिवारी अकराला लागायचं. श्रोत्यांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या एका मडक्यात असायच्या. मास्तर एक उचलून वाचायचे आणि उरलेल्या तिघांनी त्यावर गोष्ट रचत न्यायची. प्रत्येकाने तोंड उघडायचं ते "हो तर!" म्हणूनच. आधीचा जे म्हणाला ते खरं धरायचं. खोडायचं नाही, थांबायचं नाही, हातात कागद घ्यायचा नाही. अडखळला की मास्तर स्टीलच्या ताटलीवर चमचा मारायचे, तो बाद.

तिघांत एक हेमांगी. दुसरा लेस्ली, जो हल्ली कॅनडात असतो. आणि तिसरा गासचा फर्डिनंड. त्याच्या केळीच्या दोन बागा होत्या, आणि जिभेवर तिसरी. हेमांगी ओवीत बोलायची, तो घरच्या बोलीत, आणि दोघांची जोडी अशी जमली की शनिवारी अकराला न्हाव्याच्या दुकानात वस्तरा हवेत थांबायचा. तिची पाळी संपत आली की तो टेबलावर कोपर टेकून म्हणायचा, "आणि मग, बाय?" तेवढं ऐकलं की तिला पुढचं दिसू लागायचं.

तेरा वर्षांपूर्वी, नाताळ दहा दिवसांवर आला होता तेव्हा चिठ्ठी निघाली: सांडोरच्या केळीला वाचा फुटली.

केळ अर्थातच फर्डिनंड झाला. शेजारच्या नारळाला शिव्या घालून झाल्या, केळफूल तोडणाऱ्याला शाप देऊन झाले. मग लेस्ली म्हणाला, "हो तर! आणि केळ म्हणाली, माझे दिवस भरत आले, घड बाहेर यायचाय, अजून एकीने माझं डोहाळजेवण केलं नाही!"

पाळी फर्डिनंडची. "हो तर!" तो म्हणाला, आणि थांबला. "थांबा रे जरा. छातीत दुखते माझ्या."

केळीला कळा! लेस्लीने टेबलावर डोकंच टेकलं. मास्तर मडक्यातल्या चिठ्ठ्या चाळत होते, त्यांनीही मान न उचलता खो खो हसून घेतलं. थांबल्याबद्दल ताटली वाजायला हवी होती. वाजली नाही, इतकं ते थांबणं फक्कड वाटलं.

समोर एकटी हेमांगी होती. तिला त्याचं कपाळ दिसलं, पाण्यातून काढल्यासारखं. त्याचा उजवा हात टेबलाच्या हिरव्या कापडावर पडला होता, बोटं पसरलेली, आणि तो कापत होता. तिने तो हात पाहिला, आणि तिच्या तोंडून ओळ सुटली:

"हो तर! कळा आल्या केळबायला, थरथर कापे पान..."

गाता गाता तिने नजर वर नेली. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. डोळे तिच्याकडेच होते, आणि त्या डोळ्यांत खेळ नव्हता. तिला कळलं. कळलं नाही असं ती स्वतःलासुद्धा कधी सांगू शकली नाही. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये एक श्वास असतो. त्या श्वासात माणूस उठू शकतो, ओरडू शकतो, मास्तरांचा हात धरू शकतो.

"सुईण गेली गासला, हिचं हरपलं भान!"

हसण्याने खोली दणाणली. त्या दणक्यात फर्डिनंडच्या गळ्यातून आवाज आला, हा... हा... ह्हा... आणि लेस्ली आणखी हसला. मग फर्डिनंडचं कपाळ माइकला लागलं. मास्तर म्हणाले, "वा, फर्डी!" आणि त्यानंतर कोणी काही म्हणालं नाही. रिक्षा मिळाली, दवाखानाही आला, पण फर्डिनंड वाटेतच गेला होता.

त्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेला, देऊळ भरून बाहेर माणसं उभी होती. फादर म्हणाले, आयुष्यभर हसवणारा माणूस हसता हसता देवाघरी गेला, असं मरण मागून मिळत नाही. ती गोष्ट गावाने उचलली. त्याच्या थडग्यावर आल्बिनाने, त्याच्या बायकोने, कोरून घेतलं: हसत आला, हसत गेला. आणि तिने हेमांगीचे दोन्ही हात धरून म्हटलं होतं, "तुझ्या गाण्यावर हसत गेला गो तो. देवानेच तुला तिथे बसवलं." हेमांगीने मान हलवली होती.

ती एकदा हललेली मान. दर नाताळला आल्बिनाकडून फराळाचं ताट येतं, वर जाळीचा रुमाल घातलेलं, आणि हेमांगीला त्यातली एक करंजीही गिळवत नाही.

आणि आता, या जानेवारीत, फर्डिनंडची मुलगी सांडोरच्या ओटीवर येऊन बसली होती.

इनेझ तेव्हा सोळा वर्षांची होती. आता अंधेरीला कुठल्याशा स्टुडिओत आवाज कापायचं आणि जोडायचं काम करते. हनुवटी बापाची. हसली की टेबलावर कोपर टेकायची लकबही त्याचीच.

"मावशी, एक गुड न्यूज आहे. किनारवाणी 'हो तर!' परत सुरू करतेय. आणि करतेय कोण, तर मी!"

"अगो बाई! छान झालं की. चहा टाकते, बस, साखर कमी घेतेस ना तू, आल्बिना म्हणत होती—"

"मावशी, श्वास घ्या." इनेझ हसली. "पहिल्या भागाला तुम्ही हव्यात. विरारची दोन पोरं घेतलीयत, तोंडाने जाम तिखट. पण जुन्यातलं कोणीतरी पाहिजेच. मास्तर ऐंशीच्या पुढे गेले, लेस्ली अंकल तिकडे बर्फात. राहिलात तुम्ही."

"माझा आवाज बसलाय गं."

"गाऊ नका, बोला. बोलण्यात तुम्हाला कोण अडवतंय?" मग तिचा चेहरा बदलला, आवाज खाली आला. "आणि अजून एक. मास्तरांकडे ती शेवटची रेकॉर्डिंग होती. कधी लागलीच नाही ना ती. मी मागून घेतली. सगळी नाही ऐकवली मम्मीला, तिला झेपणार नाही. पण त्यातलं पप्पांचं हसणं मी वेगळं काढलंय. ते शेवटचं. त्याखाली ढोलकी टाकली. प्रोग्रामची सुरुवात त्यानेच होणार, दर शनिवारी. मम्मीला सरप्राइज. ती म्हणेल, बघा, माझा नवरा अजून अख्ख्या वसईला हसवतोय."

हेमांगीच्या हातातलं चहाचं भांडं कलंडलं. "भाजलं का?" इनेझ धावली. "नाही गं, नाही," हेमांगी म्हणत राहिली. ते हसणं नव्हतं. ज्याला श्वास मिळत नाही अशा माणसाच्या गळ्याचा तो आवाज होता, आणि त्याची पोर त्याखाली ढोलकी वाजवून तो घराघरांत सोडणार होती.

दुसऱ्या दिवशी हेमांगी तुळिंजला गेली. मास्तर तिथे मुलाच्या फ्लॅटमध्ये, पाचव्या मजल्यावर राहतात. खिडकीशी खुर्ची, कानात मशीन.

"मास्तर, ते तुम्ही तिला का दिलंत?"

"बापाचा आवाज मागायला आली पोर. काय सांगू तिला, हरवला म्हणून?"

"तुम्ही ऐकलाय तो?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली बाजार कलकलत होता. "एकदा," ते म्हणाले. "घरी एकट्याने. पुन्हा लावला नाही." मग म्हणाले, "मी तेव्हा मडक्यात बघत होतो, हेमांगी. लेस्लीचं डोकं टेबलावर होतं. समोर तू होतीस."

तिला वाटलं, आता विचारतील. विचारलं तर सांगून मोकळी होईन.

"तेरा वर्षं मी तुला विचारलं नाही, आणि आता विचारणार नाही," मास्तर म्हणाले. "आल्बिनाचं वय बघ. मुलीचं तोंड बघ. त्यांच्याकडे त्याचं एवढं एकच उरलंय. ते काढून घेऊन तू त्यांच्या हातात काय ठेवणार आहेस?"

ती उठली. परतताना रिक्षात ती कधी नव्हे ती गप्प बसली, आणि सांडोर येईपर्यंत तो आवाज तिच्या शेजारी बसून होता. आणि मग, बाय? आणि मग?

शनिवारी सकाळी ती रेकॉर्डिंगला गेली. रमेशने विचारलं, "जीव का उडालाय तुझा? दोन विनोद करून यायचंय फक्त." ती काही बोलली नाही, तेव्हा तो खरा घाबरला.

खोली आता ओळखू येत नव्हती. पुठ्ठ्यांच्या जागी करडा स्पंज आला होता, मडक्याच्या जागी काचेची बरणी. विरारचा उमंग आणि मेघना आधीच येऊन एकमेकांना टोचत बसले होते.

"काकू, आधीच सांगतो," उमंग म्हणाला, "ही मेघना हरली की रडते. टिश्यू ठेवलेत मी."

"आणि याला मागच्या ओपन माइकला लोकांनी पाणी दिलं, काकू. दया येऊन!"

"दया नाय गं, रिस्पेक्ट होता तो!"

हेमांगीला ती दोघं आवडली. इनेझने तिच्या कानांवर हेडफोन बसवला, मायेने केस मागे सारले. "ऐका हं," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

आधी ढोलकी. मग हा... हा... ह्हा...

तो आवाज थेट तिच्या दोन्ही कानांत, मध्ये हवासुद्धा नाही. इनेझने त्याचे तीन श्वास घेऊन फिरवून फिरवून जोडले होते, त्यामुळे तो श्वासासाठी धडपडायचा, आणि पुन्हा धडपडायचा, आणि ढोलकी त्याला थांबू देत नव्हती.

"काय लाफ आहे यार!" उमंग म्हणाला. "ऐकूनच हसायला येतं."

इनेझने डोळे मिटले होते. बापाच्या खांद्यावर झोपलेल्या पोरीचा असतो तसा तिचा चेहरा झाला होता. त्या चेहऱ्याकडे बघून हेमांगीने ठरवलं, नाही सांगायचं. खेळ खेळायचा, घरी जायचं आणि दर शनिवारी अकराला स्वयंपाकघरात मिक्सर लावून बसायचं.

लाल दिवा लागला. इनेझने बरणीतून चिठ्ठी काढली. "विरारच्या डोंगरावर एक नवरदेव हरवला!"

"हो तर!" उमंग सुटला. "आणि वरात खाली उभी, घोडा मीटर टाकून, वेटिंग चार्ज चालू!"

"हो तर! आणि नवरी म्हणाली, तासाभरात सापडला नाही तर घोड्याशी लग्न लावा, तो तरी वेळेवर आलाय!"

"हेमांगीमावशी!" इनेझने बोट दाखवलं. तिची कोपरं टेबलावर होती.

"हो तर," हेमांगी म्हणाली, आणि पुढे काही आलं नाही.

फट पडली. तेरा वर्षांत तिने इतकी मोठी फट पडू दिली नव्हती. ती त्या आवाजाची वाट बघू लागली. तो आला नाही. खोलीत कुठेच तो नव्हता. फक्त इनेझचं तोंड समोर होतं, आणि त्या तोंडावर हसू तयार होऊन थांबलं होतं.

"इनेझ," ती म्हणाली, "थांबव हे."

"हो तर!" उमंगने झेल घेतला. "इनेझने थांबवलं, आणि अख्खी वसई-विरार महानगरपालिका थांबली! तशी ती थांबलेलीच होती म्हणा!"

"मी खरं सांगतेय, बाळा. माझ्याने होत नाही."

"हो तर! नवरदेवही वरून हेच ओरडत होता," मेघना म्हणाली, "'मी खरंच हरवलोय', आणि खालचे म्हणाले, काय ॲक्टिंग करतो पोरगा!"

तिघंही हसली. मनापासून, गोड हसली. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. हेमांगी त्या हसण्याच्या आत बसून होती. ती जे म्हणे ते खेळ होऊन जाई. तिला घाम फुटला होता आणि समोरची माणसं तिच्याकडे प्रेमाने बघत हसत होती. फर्डिनंड त्या दिवशी असाच बसला होता, आणि आपण त्याच्या किती जवळ होतो, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

तिने हेडफोन काढला. खुर्ची मागे कलंडली, ती उचलायला कोणी उठलं नाही. टेबलाला वळसा घालून ती इनेझजवळ गेली आणि तिचा हात यंत्रावरून उचलून आपल्या हातात घेतला. आता कुठे त्यांचं हसणं ओसरलं. इनेझने दुसऱ्या हाताने बटण दाबलं, लाल दिवा विझला.

"काकू, बरं वाटत नाहीये का?" उमंग उठून उभा राहिला. या वेळी तो 'हो तर' म्हणाला नाही.

"मी बरी आहे. तुम्ही दोघं जरा खाली चहा घेऊन या. जा, राजांनो."

दार लागलं. स्पंजच्या भिंतींनी बाहेरचा सगळा आवाज पिऊन टाकला.

"मावशी, सॉरी," इनेझ म्हणाली. "मी तुम्हाला ओढूनताणून आणलं. तुम्हालाही पप्पांची आठवण... ट्यून नको होती का लावायला?"

"ती ट्यून लावू नकोस."

"का? मम्मीला ती—"

"आल्बिनाला मी सांगेन. संध्याकाळीच जाईन. पण आधी तुला सांगायला हवं." हेमांगीने तिचा हात सोडला नाही. बोलणं तिच्या तोंडातून एकेक शब्द करून येत होतं, मध्ये मोठमोठ्या फटी पडत होत्या आणि ती त्या पडू देत होती. "ते हसणं नाही, इनेझ. त्याला श्वास मिळत नव्हता. छातीत दुखतंय म्हणाला तेव्हाही तो खेळत नव्हता."

इनेझचे ओठ हलले. "तुम्हाला काय माहीत? सगळे हसत होते. मास्तर म्हणाले, कोणाला कळलंच नाही."

"बाकी कोणाला नाही कळलं. मी समोर होते. त्याचा हात कापत होता, त्यावरूनच मी ते कापणारं पान ओवीत आणलं. मग मी वर बघितलं, आणि तो माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं, पोरी. तेव्हाच कळलं. मी थांबायला हवं होतं. पण दुसरी ओळ आली होती, चांगली आली होती, आणि मला ती सोडवेना."